ख्रिस्ती धर्मश्रद्धा आणि विज्ञान : सातारा-सांगली परिसर

विश्व ईश्वराने निर्माण केले, त्याचे धारण-नियमन तोच करतो आणि मानवी इतिहासात तो हस्तक्षेप करतो, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत धारणा होय. निसर्गातील घटनांची कारणे निसर्गातच शोधावयाची व ती निरीक्षण-प्रयोगांच्या कसोटीवर तपासून घ्यावयाची, ही आधुनिक विज्ञानाची पद्धती होय. या दोहोंच्या परस्परसंबंधांचा प्रश्न यूरोपात मुख्यतः खगोलशास्त्र, भूविज्ञान आणि क्रमविकासवाद (उत्क्रांतिवाद) यांच्या निमित्ताने उपस्थित झाला. महाराष्ट्रात, विशेषतः कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या जिल्ह्यांत, तो प्रामुख्याने वैद्यकाच्या क्षेत्रात उद्भवला. रोग कशामुळे होतो, तो कशाने बरा होतो आणि बरे करणाऱ्याने रुग्णाकडून त्याबद्दल काय अपेक्षावे, या तीन प्रश्नांभोवती येथील विचार फिरत राहिला. त्यामुळे या परिसराचा इतिहास मूळ वादाच्या एका उपेक्षित अंगावर प्रकाश टाकतो.

सध्याचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले. तत्पूर्वी या भागाचे राजकीय चित्र तुकड्यातुकड्यांचे होते. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन ब्रिटिश मुलखात गेले. सांगली व मिरज ही पटवर्धन घराण्याची संस्थाने मात्र टिकून राहिली. मिशनांची क्षेत्रेही साधारणपणे अशीच विभागली गेली. सातारा, वाई, महाबळेश्वर या बाजूस अहमदनगरहून पसरलेले अमेरिकन मराठी मिशन होते. कोल्हापूर, सांगली व मिरज या बाजूस अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले कोल्हापूरचे मिशन १८७० मध्ये प्रेसबिटेरियन मंडळाकडे आले होते.

यूरोप-अमेरिकेतील पार्श्वभूमी : धर्म आणि विज्ञान यांच्यात अखंड युद्ध चालू आहे, ही समजूत जॉन विल्यम ड्रेपर (१८७४) आणि अँड्रू डिक्सन व्हाइट (१८९६) या दोन अमेरिकन लेखकांच्या ग्रंथांमुळे रूढ झाली. विज्ञानाच्या इतिहासकारांनी ती आता बहुतांशी सोडून दिली आहे. गॅलिलीओवरील १६३३ चा खटला आणि त्या चुकीची पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये दिलेली कबुली या घटना सर्वपरिचित आहेत. परंतु चौथ्या-पाचव्या शतकांतच संत ऑगस्टीन यांनी, निसर्गाविषयी जाणत्या लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टींविरुद्ध धर्मग्रंथाचा आधार घेऊन बोलू नये, त्याने धर्मग्रंथच हास्यास्पद ठरतो, असा इशारा देऊन ठेवला होता, हे तितकेसे परिचित नाही. डार्विनच्या १८५९ मधील ग्रंथावरही ख्रिस्ती विद्वानांचे मत एक नव्हते. हार्व्हर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती. अमेरिकेत डार्विनचा पक्ष त्यांनीच मांडला. उलट प्रिन्स्टनचे प्रेसबिटेरियन धर्मशास्त्रज्ञ चार्ल्स हॉज यांनी १८७४ मध्ये डार्विनवाद म्हणजे निरीश्वरवादच, असा निर्णय दिला. आनुवंशिकीचा पाया घालणारे मेंडेल मठवासी होते आणि विश्वाच्या प्रसरणाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारे झॉर्झ लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, हे दाखले या संदर्भात नेहमी दिले जातात. त्यांवरून श्रद्धा आणि विज्ञान एका व्यक्तीच्या ठायी नांदू शकतात, एवढेच सिद्ध होते. दोहोंच्या सिद्धांतांचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मराठी प्रदेशातील आरंभ : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनऱ्यांनी विज्ञानाचा उपयोग प्रथम शस्त्रासारखा केला. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी यांच्या वादपद्धतीत भूगोल व खगोल यांना मानाचे स्थान होते. पृथ्वी गोल आहे, ग्रहणे छायेमुळे होतात, मेरुपर्वत व क्षीरसागर कोठेच सापडत नाहीत, हे एकदा विद्यार्थ्याच्या मनावर बिंबले की पुराणांवरील विश्वास डळमळेल आणि मोकळ्या झालेल्या जागी ख्रिस्ती धर्म येईल, असा हा हिशेब होता. अहमदनगर येथे १८४२ मध्ये निघालेल्या ज्ञानोदय या नियतकालिकात धर्मोपदेशाबरोबर सृष्टिज्ञानाचे लेख येत, ते याच धोरणाने. त्यातून मराठीत शास्त्रीय गद्य घडण्यास मोठी मदत झाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र ते केवळ मिशनांमुळे घडले असे नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये सुरू केलेले दिग्दर्शन हे मासिक अशाच विषयांना वाहिलेले होते आणि त्याचा धर्मांतराशी काही संबंध नव्हता.

हिशेबाचा दुसरा भाग चुकला. पुराणातील भूगोल ज्या तर्काने खोटा ठरतो, त्याच तर्काने बायबलमधील सहा दिवसांची सृष्टी, जलप्रलय व चमत्कार हेही तपासता येतात, हे येथील शिकलेल्या मंडळींच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. या संदर्भात सातारा जिल्ह्याशी नाते असलेली दोन नावे महत्त्वाची आहेत. जोतीराव फुले यांचे घराणे मूळ कटगुणचे (ता. खटाव). पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि मिशनऱ्यांविषयी त्यांना आदरही होता. तथापि टॉमस पेन यांच्या ग्रंथांचा संस्कार घेऊन त्यांनी ‘निर्मिका’ची कल्पना मांडली व ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केला नाही. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांचा जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभू येथील. मिल व स्पेन्सर यांच्या वाचनातून ते अज्ञेयवादापर्यंत गेले. मिशनऱ्यांनी आणलेले विज्ञान मराठी समाजाने स्वीकारले, पण त्याबरोबर आलेला धर्म बहुतेकांनी बाजूस ठेवला. पुढे मिरजेतही वेगळ्या प्रकारे हेच घडलेले दिसते.

निसर्गेतिहास : विज्ञानाचा वादासाठी नव्हे, तर आवडीने केलेला अभ्यासही मिशनऱ्यांत आढळतो. निसर्गातील रचना पाहून रचनाकाराकडे जावे, हा विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये मांडलेला ‘निसर्गाधिष्ठित ईश्वरविचार’ इंग्लंड-अमेरिकेतील धर्मविद्यालयांत शिकविला जाई. त्यामुळे पक्षी, शिंपले वा वनस्पती गोळा करणे हे धर्मसेवकाला न शोभणारे काम मानले जात नसे. अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल बेकन फेअरबँक (१८२२–९८) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्यांचे कार्यक्षेत्र अहमदनगरजवळील वडाळे हे होते. खंडाळा, महाबळेश्वर व बेळगाव या सह्याद्रीतील ठिकाणी आणि अहमदनगरच्या पठारावर जमविलेल्या पक्ष्यांची त्यांची यादी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या स्ट्रे फेदर्स या पक्षिविषयक नियतकालिकात १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. महाबळेश्वरच्या पक्षिजीवनाच्या आरंभीच्या शास्त्रीय नोंदींत तिची गणना होते. दक्षिणेतील पळणी डोंगरांतील एका पक्ष्याच्या जातीला व मुंबईकडील एका गोगलगाईच्या वंशाला विल्यम ब्लॅनफर्ड यांनी फेअरबँक यांचे नाव दिले.

या यादीचे विशेष असे की, तिच्यात ईश्वराच्या कर्तृत्वाचे विवेचन कारण म्हणून येत नाही. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या महिन्यात मिळाला, त्याची मापे काय, घरटे कसे, एवढेच तिच्या प्रकारच्या लेखनाला प्रयोजन असते. लेखकाची श्रद्धा त्याला डोंगरात घेऊन गेली असेल. नोंदवहीत मात्र तिला जागा नव्हती. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील एथेलबर्ट ब्लाटर (१८७७–१९३४) व हेर्मेनेगिल्ड सांतापाउ या जेझुइट धर्मगुरूंनी पश्चिम भारतातील वनस्पतींवर केलेले मोठे कामही याच जातीचे आहे. कामाची अशी वाटणी निसर्गेतिहासात सहज जमते, कारण तेथे कोणाचे प्राण टांगणीला लागलेले नसतात.

मिरजेचे वैद्यकीय कार्य : विल्यम जेम्स वॉनलेस (१८६५–१९३३) यांचा जन्म कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते १८८९ मध्ये प्रेसबिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. सांगली येथे त्यांनी लहानसा दवाखाना चालविला. पुढे रेल्वेचे जंक्शन असलेल्या मिरजेत त्यांनी बस्तान हलविले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. जंक्शनची निवड दूरदर्शी होती. पुणे, बेळगाव, कोल्हापूर अशा चोहोबाजूंनी रुग्ण गाडीने येऊ लागले, आणि मोतीबिंदू, मूतखडा, हर्निया व गाठी यांच्या शस्त्रक्रियांसाठी मिरजेचे नाव दूरवर झाले. १८९७ मध्ये वॉनलेस यांनी वैद्यकीय शाळा काढली. कुष्ठरुग्णांसाठी निवासगृह आणि सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम ही त्यांच्याच पुढाकाराची फळे होत. आरोग्यधामाच्या भोवतालची वस्ती पुढे वॉनलेसवाडी (बोलीत वानलेसवाडी) म्हणून ओळखली जाऊ लागली. ब्रिटिश सरकारने १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस परतले. सातारा जिल्ह्यात वाई येथे अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते व तेथे डॉ. लेस्टर बील्स आणि डॉ. रोझ फेअरबँक बील्स यांनी काम केले; पण विस्तार व ख्याती यांत मिरजेची सर त्यास आली नाही.

सांगलीतच मिशनची उद्योग व शेतीची शाळा होती. जॉन गोहीन यांच्या काळात तेथे सुधारित अवजारे आणि पशु-कुक्कुटपालन यांवर भर देण्यात आला. अलाहाबाद येथे सॅम हिगिनबॉटम यांनी उभारलेल्या कृषिसंस्थेशी या कामाची तुलना करता येते, तथापि तिचा व्याप सांगलीपेक्षा पुष्कळच मोठा होता.

वॉनलेस यांच्या उमेदीच्या वर्षांत वैद्यक झपाट्याने बदलत होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्ये प्रसिद्ध केली. कॉख यांनी क्षयाचे जंतू १८८२ मध्ये दाखविले आणि १८८३-८४ मध्ये ईजिप्त व कलकत्ता येथे पटकीच्या जंतूंचा छडा लावला. म्हणजे मिरजेचे रुग्णालय उघडले तेव्हा जंतुशास्त्राला उणीपुरी वीस वर्षेही झाली नव्हती. एका पिढीपूर्वी आलेल्या मिशनरी वैद्यापाशी देण्यासारखे फार थोडे होते. वॉनलेस यांच्या पिढीपाशी क्लोरोफॉर्म होते, निर्जंतुक हत्यारे होती आणि आंधळ्याला दिसू लागल्याचे प्रत्यक्ष प्रमाण होते. मिशनच्या वैद्यकीय कार्याला आलेला बहर हा पुष्कळ अंशी या कालसंयोगाचा परिणाम होय. धर्मप्रचारकांनी त्याचे श्रेय श्रद्धेला दिले आणि टीकाकारांनी परकी पैशाला. प्रयोगशाळेचा वाटा दोघांनीही कमी लेखला.

रोगाचे कारण आणि प्रार्थना : कृष्णाकाठच्या खेड्यांत पटकी ही मरीआईची आणि देवीचा रोग ही शीतलादेवीची अवकृपा मानली जाई. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडला म्हणजे साथ पुढच्या गावी जाते, अशी समजूत होती. (साथ खरोखरच पुढच्या गावी जाई, हे निराळे.) मिशनऱ्यांच्या अहवालांत या समजुतींची वर्णने कुतूहलाने व काहीशा तुच्छतेने आढळतात. परंतु पटकी १८३१ मध्ये इंग्लंडात पोहोचली तेव्हा तेथील सरकारने २१ मार्च १८३२ हा दिवस राष्ट्रीय उपवास व पश्चात्तापाचा म्हणून जाहीर केला होता. साथ ही पापाबद्दलची शिक्षा आहे, ही कल्पना त्या वेळी इंग्लंड-अमेरिकेतील प्रॉटेस्टंट समाजातही सर्रास होती. पिण्याच्या पाण्याचा दोष कळला, गटारे झाली, जंतू सापडले, तसतशी ती मागे पडली. मिरजेस आलेल्या डॉक्टरांनी जे मागे टाकले होते, ते त्यांच्या आजोबांनी मानलेले होते. मरीआईकडून सूक्ष्मदर्शकाकडे येण्याचा मार्ग ख्रिस्ती समाजाने आधी एकदा चोखाळला होता; ही गोष्ट पुष्कळदा विसरली गेल्याने तो मार्ग ख्रिस्ती धर्माचाच आहे, असा आभास निर्माण झाला.

१८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग लवकरच सातारा जिल्ह्यात व दक्षिणेकडील संस्थानांत पसरला. हाफकीन यांनी मुंबईत सिद्ध केलेली लस १८९७ च्या आरंभी उपलब्ध झाली. हाफकीन हे ज्यू होते. लस टोचून घेणाऱ्याचा वा टोचणाऱ्याचा धर्म तिच्या गुणावर परिणाम करीत नाही, हे साऱ्या पक्षांनी मनोमन ओळखण्याचा तो एक प्रसंग होता.

मिशनच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याचा आणि बाह्यरुग्ण विभागात वाट पाहणाऱ्यांना बायबलमधील भाग वाचून दाखविण्याचा प्रघात होता. या प्रार्थनेचा अर्थ काय, याविषयी ख्रिस्ती विचारात दोन मते दिसतात. एका मतानुसार ईश्वर प्रार्थना ऐकून घटनांचा क्रम बदलतो. दुसऱ्या मतानुसार ती करणाऱ्याच्या मनाला नम्र व स्थिर करते, आणि बरे होणे नेहमीच्या नैसर्गिक कारणांनीच होते. पहिले मत तपासता येण्याजोगे आहे आणि ते तपासण्यातही आले आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ मध्ये आकडेवारीच्या आधारे प्रार्थनेचा परिणाम दिसत नसल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला. त्यांची पद्धत ढोबळ होती. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १,८०० रुग्णांवरील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मात्र काटेकोर होता. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना निश्चित ठाऊक नव्हते, त्यांपैकी जिच्यासाठी प्रार्थना झाली त्या गटात ५२ टक्के व न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना उपद्रव झाले. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. अनेक ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांनी या निष्कर्षाचे दुःख मानले नाही. ईश्वराला प्रयोगात बसविणे हीच मुळात श्रद्धेची विटंबना आहे, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे सुसंगत आहे. मात्र ते स्वीकारले, तर बरा झालेला रुग्ण हा प्रार्थनेचा पुरावा म्हणूनही पुढे करता येत नाही, आणि मिशनच्या वृत्तांतांत तर अशा कथांची रेलचेल असे.

वॉनलेस यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांचा व्यवहार पाहता, प्रार्थना कितीही मनोभावे केली तरी हात धुण्याच्या, हत्यारे उकळण्याच्या व जखम झाकण्याच्या नियमांत त्यांनी काही सूट घेतलेली दिसत नाही. मिरजेच्या वैद्यकीय शाळेत शिकविले गेले ते हे नियम. तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी भारतातील इतर मिशन रुग्णालयांत आणि स्वतंत्र व्यवसायात गेले, तेव्हा नियम त्यांच्याबरोबर गेले.

कुष्ठरोग : श्रद्धा व विज्ञान यांचा गुंता कुष्ठरोगाच्या बाबतीत सर्वांत बिकट होता. बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकात ‘त्साराअत’ या विकाराचे सविस्तर नियम आहेत. तो झालेल्यास अशुद्ध मानून वस्तीबाहेर ठेवावे, असे त्यांत सांगितले आहे. हा विकार अंगाप्रमाणेच कपड्यांना व घराच्या भिंतींनाही होतो, असे तेथेच म्हटले आहे. त्यावरून तो आजचा कुष्ठरोग नव्हे. निरनिराळे त्वचाविकार व बुरशी यांना मिळून ते नाव असावे, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘लेप्रा’ म्हणजे खवल्यांचा रोग हा शब्द आला, पुढे यूरोपीय भाषांत तो खऱ्या कुष्ठरोगाला चिकटला आणि मराठी भाषांतरांत ‘महारोग’, ‘कुष्ठ’ असा उतरला. अशा रीतीने एका भाषांतराच्या चुकीने शास्त्रातील अशुद्धतेचा शिक्का एका विशिष्ट रोगाच्या माथी मारला गेला. येथे तर त्याची भर पूर्वजन्मीच्या पापाच्या कल्पनेत पडली.

याच धर्मग्रंथात येशूने अशा रुग्णांना स्पर्श केल्याच्या कथाही आहेत, आणि ‘मिशन टू लेपर्स’ (स्थापना १८७४) या संस्थेचे काम उभे राहिले ते त्यांच्या प्रेरणेने. मिरजेचे कुष्ठकार्य पुढे याच संस्थेशी जोडले गेले. नॉर्वेतील हान्सेन यांनी रोगाचे जंतू १८७३ मध्येच शोधले होते, तरीही गुणकारी औषध हाती येण्यास सत्तर वर्षे लागली. डॅप्सोनचा वापर १९४० नंतरच्या दशकात सुरू झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचारांची शिफारस १९८० नंतर केली. मधल्या काळात कुष्ठनिवासातील डॉक्टर व परिचारिका यांच्यापाशी ‘चौलमुग्रा’ तेलाखेरीज फारसे काही नव्हते. रुग्ण बरा होणार नाही हे ठाऊक असताना वर्षानुवर्षे त्याच्या जखमा धुणे, हे काम विज्ञानाच्या बळावर होण्यासारखे नव्हते. श्रद्धेने या क्षेत्रात काय केले याचा शोध घेणाऱ्याने तो येथे घ्यावा. रोगाचे स्पष्टीकरण देण्यात तिचा वाटा दिशाभूल करणाराच होता.

क्षयरोगात याच्या उलट घडले. निवांत हवा, विश्रांती व पौष्टिक अन्न यांवर आधारलेली आरोग्यधामे १९४३ मधील स्ट्रेप्टोमायसिनच्या व १९५२ मधील आयसोनियाझिडच्या शोधानंतर निरुपयोगी होऊ लागली. मद्रास येथील संशोधनाने १९५९ मध्ये दाखवून दिले की, औषधे नियमित घेणारा रुग्ण घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो.

साधन की साध्य : वैद्यकीय सेवा ही धर्मप्रसाराचे साधन आहे, की ती स्वतःच धर्माचे आचरण आहे, हा वाद मिशनांच्या आतच माजला. त्याचे मूळ अमेरिकेतील एका मोठ्या भांडणात होते. मिरज व सांगली येथे माणसे व पैसा पाठविणाऱ्या प्रेसबिटेरियन चर्चच्या महासभेने १९१० मध्ये, बायबलची निर्दोषता व येशूचे चमत्कार यांसह पाच तत्त्वे धर्मसेवकांना आवश्यक ठरविली. १९२४ मध्ये बाराशेहून अधिक धर्मसेवकांनी ‘ऑबर्न निवेदना’वर सह्या करून त्यास विरोध केला. पुढच्याच वर्षी टेनेसी राज्यात क्रमविकासवाद शिकविल्याबद्दल शिक्षक स्कोप्स यांच्यावर खटला झाला. तेथे फिर्यादीच्या बाजूने उभे राहिलेले ब्रायन हे याच चर्चचे मान्यवर सभासद होते. मिरजेच्या रुग्णालयातील कामावर या भांडणाचा प्रत्यक्ष परिणाम फारसा झाला नसावा. मोतीबिंदू काढताना ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायाचा अर्थ ठरवावा लागत नाही. पण पैसा कोणत्या हेतूने द्यावयाचा, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

तत्त्वज्ञ विल्यम अर्नेस्ट हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील एका समितीने भारत, ब्रह्मदेश, चीन व जपान येथील मिशनकार्याची पाहणी करून १९३२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ज्या कक्षांतून रुग्णाला उठून जाता येत नाही तेथे उपदेश करणे हा एक सूक्ष्म प्रकारचा दबाव असून तो अनुचित आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सनातनी पक्ष खवळला. धर्मशास्त्रज्ञ ग्रेशम मेचन यांनी १९३३ मध्ये वेगळे मिशन मंडळ काढले. भारतात महात्मा गांधींनी याच सुमारास, रोग बरा करण्याच्या आडून धर्म बदलविण्यावर कठोर टीका केली. विदर्भ अंतर्भूत असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशाच्या शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी प्रत्यक्ष वापर करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी शिफारस केली. हॉकिंग समिती आणि नियोगी समिती यांचे हेतू सर्वस्वी भिन्न होते. या एका मुद्द्यावर मात्र दोघींचा निष्कर्ष जवळपास एकच आला.

मिरजेला लाखो रुग्ण आले, पण त्यांपैकी ख्रिस्ती झालेल्यांची संख्या अल्प राहिली. शेठजी, शास्त्री, शेतकरी आणि अस्पृश्य मानलेले लोक एकाच आवारात उपचार घेत. बरे होत व आपापल्या देवाला नवस फेडत घरी जात. प्रचारकांना हे अपयश वाटले. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र हेच त्याचे वैशिष्ट्य होते : औषध गुणकारी ठरण्यासाठी देणाऱ्याची श्रद्धा मान्य करावी लागत नाही, हे रुग्णांनी कोणी न सांगता ओळखले.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मिरज येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. त्याच्या विद्यार्थ्यांच्या रुग्णालयीन शिक्षणासाठी आरंभी वॉनलेस रुग्णालयाचा उपयोग करण्यात आला. धर्मसेवेसाठी उभारलेली संस्था शासकीय, धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा भाग होण्याची ही घटना शांतपणे पार पडली.

याच महाविद्यालयातून वैद्यकाची पदवी घेतलेल्यांत साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) हे होते. काही वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यावर ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात उतरले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच निघालेल्या अध्यादेशाचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात रूपांतर झाले. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या अधिनियमान्वये गुन्हा आहे. त्याच्या तरतुदी कोणत्याही एका धर्मापुरत्या नाहीत. प्रार्थनासभेत चमत्काराचा दावा करून लोकांना फसविणारा ख्रिस्ती उपदेशकही त्यांच्या कक्षेत येऊ शकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर वाढलेल्या पेंटेकोस्टल व तत्सम पंथांत रोगनिवारणाच्या प्रार्थनांना मोठे महत्त्व असल्याने हा प्रश्न ख्रिस्ती समाजालाही नवा नाही. जुन्या मिशन परंपरेतील मंडळ्या या बाबतीत सामान्यतः डॉक्टरच्या बाजूच्या असतात, आणि त्यांच्या या भूमिकेमागे मिरज, वाई, वेल्लोर यांसारख्या ठिकाणच्या रुग्णालयांचा अनुभव आहे.

कुष्ठरोगाच्या संदर्भातील कायदेशीर अशुद्धता त्याहून उशिरा संपली. १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा अधिनियम २०१६ मध्ये रद्द झाला. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट अधिनियमात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. हिंदू विवाह अधिनियमातही तसेच होते. २०१९ च्या एकाच सुधारणा अधिनियमाने दोन्ही ठिकाणांहून ते काढून टाकण्यात आले.